चरा किती खोल?

पहिली गाडी. हप्ते साठ, त्यातले भरून झालेत जेमतेम अकरा. रंग ठरवताना घरात दोन रविवार चर्चा झालेली. शोरूममधल्या मुलानं ‘मेटॅलिकला थोडे एक्स्ट्रा पडतील’ म्हटल्यावरही तुम्ही हसत हसत मान डोलावलेली. आणि मग एका सोमवारी संध्याकाळी, हिंजवडीतल्या ऑफिसच्या बेसमेंटमध्ये, किल्ली हातात घेऊन तुम्ही गाडीपाशी पोचता... आणि दिसते ती रेघ! हँडलच्या खालून निघालेली, थेट मागच्या दारापर्यंत गेलेली, पांढुरकी, निर्लज्ज रेघ.

चिठ्ठी नाही, सॉरी नाही. सिक्युरिटीवाले काका म्हणतात, ‘सकाळी तर ठीक होती, साहेब.’ संपला विषय.

यानंतर सुरू होतो सल्ल्यांचा पाऊस. टीममधला एक म्हणतो, टूथपेस्ट घास. दुसरी म्हणते, खोबरेल तेलाचा हात फिरव, दिसणारसुद्धा नाही. बाबा म्हणतात, डबीतला रंग आणून ब्रशनं लाव, आम्ही तेच करायचो. आणि सर्व्हिस सेंटरचा फोनवरचा गोड आवाज म्हणतो, ‘सर, फुल डोअर पेंट करून घ्या ना, इन्शुरन्समध्ये बसवून देतो.’ एवढ्या सगळ्यांत चरा नेमका किती खोल आहे, हे मात्र कुणीच बघत नाही. आणि खरं सांगायचं तर पुढचं सगळं, म्हणजे पाचशे रुपये जाणार की पाच हजार, अर्धा तास लागणार की तीन दिवस, हे त्या एकाच उत्तरावर ठरतं.

केसाएवढी श्रीमंती

आधी थोडे फंडे क्लिअर करू. गाडीच्या दारावरून बोट फिरवल्यावर हाताला लागतो तो रंग नसतोच मुळी. तो असतो रंगाच्या वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. उन्हातली अतिनील किरणं अडवायची आणि रोजचे ओरखडे अंगावर घ्यायचे, ही त्याची ड्युटी. त्याच्या खाली खरा रंग, म्हणजे बेस कोट. तुमच्या गाडीचं सगळं ग्लॅमर ज्याच्यावर उभं आहे, तो हा थर जेमतेम १५ मायक्रॉनच्या आसपास! त्याखाली ३०-४० मायक्रॉनचा प्रायमर. आणि सगळ्यात तळाला, पत्र्याला चिकटून, साधारण २० मायक्रॉनचा गंजरोधक थर. हा थर देण्यासाठी कारखान्यात अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीनं रंग चढवला जातो.

बेरीज करा. सगळं मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे दोन केस शेजारी शेजारी ठेवले, तर त्यापेक्षाही कमी जाडीत हा चार मजली कारभार बसवलेला आहे.

आता ती पांढरी रेघ. ती दिसली की आपल्याला वाटतं, झालं, रंग गेला, आतला प्रायमर दिसायला लागला. पण बहुतेक वेळा तसं नसतं. काचेवर ओरखडा पडला की तो पांढरा दिसतो ना? काच तर पारदर्शक आहे. ओरखड्याच्या खडबडीत कडांवरून प्रकाश इकडेतिकडे विखुरतो, म्हणून तो पांढरा दिसतो. क्लिअर कोटचंही तसंच. रंग खाली सुखरूप असतो, फक्त वरची ‘काच’ खरवडलेली असते.

नखाची परीक्षा

चऱ्याची खोली मोजायला कुठलंही मशीन लागत नाही. आधी दार स्वच्छ धुऊन घ्या. धुळीच्या दारावर बोटं फिरवलीत तर आणखी चरे तुम्हीच पाडाल. मग त्या रेघेवर पाणी शिंपडा. ओली झाल्यावर रेघ गायब झाली, तर चरा क्लिअर कोटमध्येच आहे. पाण्यानं ती खाच भरली, प्रकाश विखुरायचा थांबला, म्हणून रेघ दिसेनाशी झाली. खोबरेल तेलाची जादूही हीच. तेल पाण्यापेक्षा जास्त टिकतं, इतकंच. पहिल्या वॉशिंगला रेघ परत हजर!

दुसरी परीक्षा नखाची. चऱ्याला आडवं नख हलकेच ओढा. अडकलं नाही, तर पॉलिशनं काम होणार. अडकलं, तर मामला खोल आहे. मग आतला रंग बघा. मातकट पांढरा किंवा करडा, बिनचमकीचा दिसला तर प्रायमर. चकचकीत धातू दिसला तर पत्रा. तांबूस दिसला, तर तुम्ही उशीर केलाय. गंज आलाय.

आणखी एक गंमत. कित्येकदा तो चरा नसतोच, समोरच्या गाडीचा रंग आपल्या दाराला लागलेला असतो. हाताला उंचवटा लागतो. तो रबिंग कंपाउंडनं निघून येतो आणि खालून आपलं दार जसंच्या तसं बाहेर येतं.

माझ्या करड्या हॅचबॅकच्या ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरचं ब्रेक लिव्हर घासून गेलं, तेव्हा मी तीन ठिकाणी चौकशी केली. पहिलं वर्कशॉप एसी वेटिंग रूम आणि कॉफी मशीनवालं. तिथल्या ॲडव्हायझरनं टॅबवर गाडीचं चित्र उघडलं, दारावर टिकमार्क केला, ‘फ्रंट डोअर, फुल पेंट, पाच हजार दोनशे प्लस टॅक्स.’ चऱ्याला त्यानं हातही लावला नाही. दुसरं रस्त्याकडेचं. ‘टचिंग करून देतो, अडीच हजार, दोन दिवस ठेवा.’ तिसरं नाना पेठेत, स्पेअर पार्ट्सच्या दुकानांमागच्या बोळात. तिथे ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी आधी बादलीतलं फडकं पिळून दारावरून फिरवलं.

“बघा ताई, अर्ध्याहून जास्त रेघ गेली.”

मग नख. दीड वितीच्या त्या रेघेत नख अडकलं ते फक्त एका ठिकाणी, बोटभर लांबीत. बाकी सगळं वरवरचं. आणि याच वरवरच्या रेघेसाठी अख्खं दार रंगवायला निघाले होते!

ओव्हनमधून एकदाच

‘पण रंगवलं तर बिघडलं काय? नवं होईल ना दार!’ हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. इथेच खरी मेख आहे.

चाकणसारख्या ठिकाणी कारखान्यात गाडी रंगवली जाते, तेव्हा ती गाडी नसतेच. नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. वायरिंग नाही, सीट नाहीत, डॅशबोर्ड नाही. म्हणून तो सांगाडा बिनधास्त भट्टीत घालता येतो. गंजरोधक थर साधारण १७०-१८० अंशांना भाजला जातो, क्लिअर कोट साधारण १४० अंशांना. त्या आचेत रंगाचे रेणू एकमेकांना असे घट्ट धरतात, की तो थर वर्षानुवर्षं ऊन-पाऊस सोसतो.

तुमची तयार गाडी मात्र या भट्टीत घालता येत नाही. प्लॅस्टिक वितळेल, वायरिंगचं भजं होईल. म्हणून गॅरेजमधला रंग वेगळ्या जातीचा असतो. त्यात हार्डनर मिसळतात आणि तो साधारण ६० अंशांच्या बूथमध्ये सुकतो. जिथे बूथच नाही, तिथे पत्र्याच्या शेडमधल्या हवेवर. चांगल्या हातानं केलेलं काम सॉलिड टिकतं, यात वाद नाही. पण तो कारखान्यातला थर नव्हे. शिवाय नवा रंग धरावा म्हणून जुना आधी घासावा लागतो. एकदा घासला की गेला.

उद्या गाडी विकायला काढाल तेव्हाही हे उघड होतं. सेकंडहँड गाडी तपासायला येणाऱ्यांच्या खिशात हल्ली रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र असतं. बाकीची दारं सव्वाशे दाखवतायत आणि एकच दार अडीचशे, की लगेच भुवया वर. ‘ॲक्सिडेंट झाला होता का?’ आता सांगत बसा स्कूटरची गोष्ट.

चंदेरीची चलाखी

बाबांचा ब्रशवाला सल्ला चुकीचा नव्हता, तो त्यांच्या काळाचा होता. पद्मिनी आणि ॲम्बेसिडरच्या जमान्यातले बहुतेक रंग साधे. पांढरा म्हणजे पांढरा, कुठूनही बघा. असा रंग ब्रशनं टेकवला तर फार तर पोत वेगळा दिसतो, छटा चालून जाते.

मेटॅलिकची गोष्टच निराळी. बेस कोटमध्ये ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म चकत्या असतात. स्प्रे गननं पातळ फवारा बसतो, सुकताना थर आकसतो आणि या चकत्या पत्र्याला समांतर, आडव्या निजतात. लाखो चिमुकले आरसे एका दिशेनं मांडलेले! म्हणूनच समोरून बघितलं की दार उजळ दिसतं आणि तिरकं बघितलं की गडद. मेटॅलिक गाडीच्या वळणांवर प्रकाश खेळतो म्हणतात, तो खेळ हाच.

आता हाच रंग ब्रशनं लावा. जाड थेंब, हळू सुकणारा. चकत्या वाट्टेल तशा पडतात, काही उभ्या, काही तिरक्या. आरशांची शिस्त मोडली. चाचांनी मला हे करूनच दाखवलं. एका डब्यातला रंग, पत्र्याचा एक तुकडा. अर्ध्या भागावर गन मारली, अर्ध्यावर ब्रशचे चार ठिपके. सुकल्यावर ठिपके सरळ सरळ काळपट! पैज लावून सांगते, तुम्ही म्हणाला असता की हे दोन वेगळे रंग आहेत.

एवढंच कशाला, गन धरणाऱ्या हातानंही छटा बदलते. फवारा ओला बसला तर चकत्या खोल जातात, रंग गडद होतो. कोरडा बसला तर त्या वर राहतात आणि रंग उजळतो. गनचं अंतर, हवेचा दाब, थिनर, त्या दिवशीचं ऊन, सगळ्याचा परिणाम. म्हणून दारावरच्या स्टिकरवरचा कलर कोड टाकून मशीननं रंग मिसळला, तरी काम संपत नाही. एकाच कोडच्या गाड्या वेगवेगळ्या बॅचमध्ये थोड्या वेगळ्या निघतात, शिवाय तुमची गाडी दोन उन्हाळे उन्हात उभी राहिलेली. चांगला पेंटर आधी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारतो, क्लिअर देतो, सुकवतो, मग तो तुकडा गाडीला लावून उन्हात बघतो. चंदेरी आणि फिकट करडा हे यातले सगळ्यात नाठाळ विद्यार्थी.

रंगवायचंच असेल तर...

चरा पत्र्यापर्यंत लांबलचक गेला असेल, कुणी मुद्दाम किल्ली ओढली असेल, तर पॉलिशचा उपयोग नाही. तिथे रंगकाम हवंच. पण ते कसं करणार, हे विचारा.

हँडल, बाहेरची पट्टी, काचेखालचं रबर काढणार की नुसती मास्किंग टेप लावणार? टेपवर भागवलं तर कडेला रंगाची धार राहते आणि पुढे तिथूनच पापुद्रा सुटतो. बेस कोट अख्ख्या दारावर सारखा मारणार की चऱ्याच्या आसपास मारून विरळ करत नेणार? छटेत किंचित फरक असला तरी विरळ केलेला रंग डोळ्याला कळत नाही, तीक्ष्ण सीमारेषा मात्र लगेच कळते. चरा दाराच्या कडेजवळ असेल तर शेजारच्या पॅनेलवरही रंग थोडा विरवत न्यावा लागतो. क्लिअर कोट मात्र दाराच्या कडेपर्यंत पूर्ण हवा. मधेच थांबवलेल्या क्लिअरची कड काही वर्षांनी उघडी पडते.

डिलिव्हरी घेताना ट्यूबलाइटखाली अजिबात बघू नका. गाडी उन्हात काढा आणि दाराकडे तीन जागांवरून बघा, समोरून, बोनेटच्या बाजूनं आणि डिकीच्या बाजूनं. समोरून जुळलेला रंग तिरका बघितल्यावर फुटतो, हे मेटॅलिकचं ठरलेलं नाटक आहे.

फुकटातलं महाग

‘इन्शुरन्समध्ये बसवू’ हे वाक्य ऐकलं की खिशाला कसं हलकं वाटतं! पण कॅल्क्युलेटर काढा. समजा, तीन वर्षं तुमचा एकही क्लेम नाही, म्हणजे रिन्यूअलला ३५ टक्के नो क्लेम बोनस पक्का. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम समजा आठ हजार. हिशेब सोपा ठेवायला तो पुढच्या वर्षीही तेवढाच धरू.

आता पाच हजारांच्या रंगकामाचा क्लेम केलात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार रुपये तुमच्या खिशातून सक्तीचे. कंपनी रंगाच्या मटेरियलवर निम्मा घसारा लावते, आणि एकत्रित बिलात मटेरियल २५ टक्के धरतात, म्हणजे आणखी ६२५ रुपये गेले. झिरो डेप घेतलं असेल तर हे वाचतात. हाती आले ३,३७५.

आणि गेलं काय? बोनस शून्यावर, म्हणजे यंदा २,८०० रुपयांची सूट गेली. पुढच्या वर्षी ४५ टक्के मिळणार होते, आता मिळणार २०, म्हणजे आणखी दोन हजार. दोन वर्षांत ४,८०० गेले, आणि बोनस पूर्ववत व्हायला अजून अवकाश आहे! बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर एका दारासाठी क्लेम करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्या शेडमधली हवा

एक गोष्ट इस्टिमेटवर कधीच लिहिलेली नसते. हार्डनरवाल्या क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवारताना त्यांची धुकट हवेत पसरते, आणि डोळ्यांना दिसेनाशी झाली तरी काही मिनिटं तिथेच रेंगाळते. ती श्वासात जात राहिली तर दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीरानं तिचा धसका घेतला, की पुढे अगदी थोड्या मात्रेनंही धाप लागते. ब्रिटनमध्ये व्यवसायामुळे होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांत ही रसायनं मोजली जातात, आणि गाड्या रंगवणारे कामगार सर्वाधिक धोक्याच्या गटात. यावर खरा उपाय म्हणजे बंदिस्त बूथ आणि बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क. नाकावर बांधलेला रुमाल काहीही अडवत नाही.

चाचांच्या शेडमध्ये रुमालच होता. मास्कचं विचारलं तर ते हसले. “ताई, गिऱ्हाईक दोनशे रुपये कमी करायला सांगतं. मास्कचे कोण देणार?” यावर मला उत्तर सुचलं नाही. पण ज्या दाराला रंगाची गरजच नाही, ते रंगवून घेताना कुणाच्या तरी फुप्फुसांचा थोडा हिस्साही खर्ची पडतो, एवढं तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय. आणि रंगवायचंच असेल, तर दोनशे रुपये कमी असलेल्या शेडपेक्षा बूथ आणि मास्क असलेली जागा निवडता येतेच की.

चौकट : रविवारची दुरुस्ती

● वरवरचा चरा : दार धुवा, सावलीत गार होऊ द्या. मऊ मायक्रोफायबरवर थोडं कंपाउंड घेऊन हलक्या हातानं घासा, मग पॉलिश, मग वॅक्स. रेघ बुजली की थांबा. क्लिअर कोट परत उगवत नाही. दाराच्या धारेवर आणि उठावाच्या रेषेवर तो सगळ्यात पातळ असतो, तिथे जास्तच जपून.

● टूथपेस्ट : तीही एक प्रकारची घासणीच, पण दातांसाठी बनवलेली. कधी रेघ फिकी होते, कधी भोवतीची चमक जाते. कंपाउंडची ट्यूब काही फार महाग नसते.

● बोटभर खोल चरा : कलर कोडची टच-अप बाटली आणा आणि भरपूर हलवा, चकत्या तळाशी बसलेल्या असतात. वॅक्स पुसून काढा. पत्रा दिसत असेल तर आधी प्रायमर. टूथपिकच्या टोकानं, फक्त खाचेत, पातळ थर. दोन थरांत अर्धा तास जाऊ द्या. वरून क्लिअर. आठवडाभर थांबा, मगच पॉलिश. जवळून काळपट दिसेल, ते गृहीत धरा. गंज थांबवणं हा इथला मुख्य हेतू.

● पावसाळा : पत्रा उघडा पडला असेल तर वाट बघू नका. काहीच हाताशी नसेल तर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब तात्पुरता चालतो. रंगकाम मात्र कोरड्या दिवशीच.

● सिरॅमिक कोटिंग : धुणं सोपं होतं, चमक राहते. किल्ली किंवा ब्रेक लिव्हर मात्र अडत नाही. त्यासाठी जाड पारदर्शक फिल्म लागते, आणि ती खिशालाही जड पडते.

माझ्या दाराचं म्हणाल, तर चाचांनी दोन हजार नंबरचा पाणीपेपर साबणाच्या पाण्यात बुडवून हलका फिरवला, कंपाउंड लावून फोमच्या पॅडनं बफिंग केलं आणि बोटभर खोल जागेत टूथपिकनं रंग भरला. बिल सातशे रुपये. हातभर अंतरावरून, कुठे बघायचं ते माहीत असेल, तर काळसर ठिपका दिसतो. बाकीचं दार अजून कारखान्यातलंच आहे. तुमच्या दारावर रेघ उमटली, तर फोन उचलण्याआधी पाण्याची बाटली उचला. दहा सेकंदांत कळेल, की पेंटरला गाठायचं की फक्त पार्किंगची जागा बदलायची.